नव्या धंद्याचा तीन वर्षांचा ताळेबंद

पैसा सोडून माणूस माणसाला काय काय देऊ शकतो हे बघायचं असेल, तर चार नातेवाइकांत एकदा नुसतं म्हणून बघावं की, मी धंदा काढायचं म्हणतोय. आमच्या वहिनींनी ते एका बारशाच्या पंगतीत म्हटलं. जिलबी पानात पडेपर्यंत त्यांच्याकडे धंद्याची तीन नावं, दोन बोधचिन्हं आणि एक घोषवाक्य जमा झालं होतं.

वहिनी भाजणी करतात. थालीपिठाची, चकलीची आणि श्रावण लागला की उपवासाची. आमच्या तालुक्याच्या गावात चौदा वर्षं त्यांची भाजणी विकली जाते आहे, पण त्याला कुणी कधी धंदा म्हटलं नाही. 'वहिनी करून देतात' एवढंच म्हणत. पुण्याला शिकणाऱ्या पोरांच्या बॅगा, बेंगळुरूच्या लेकी, अमेरिकेतून आलेल्या आणि सामानाचं वजन सारखं करून बघणाऱ्या सुना, सगळ्यांमार्फत भाजणी निर्यातही होत होती. अडचण एकच होती, गिरणी. भाजलेलं धान्य घेऊन गेलं की आपल्या आधी कुणीतरी मिरची दळून गेलेलं असायचं. चकलीला जी अनपेक्षित चव यायची तिचं श्रेय वहिनींना मिळायचं, आणि ते त्यांना नको होतं. म्हणून स्वतःचा पल्व्हरायझर, धान्य भाजायचा रोस्टर आणि पाकिटं भरायचं मशीन घ्यायचं ठरलं. खर्च सव्वातीन लाखांच्या घरात.

एसटीतून निवृत्त झालेल्या थोरल्या काकांनी मराठी माणसाला धंदा का जमत नाही, याची कारणं सांगितली. काकांनी आयुष्यात तिकिटाशिवाय काही विकलेलं नाही, आणि ती लोक आपण होऊन मागत. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या आतेभावाने ॲप काढायचा सल्ला दिला. भाचीने रील करायला सांगितलं. थालीपीठ उलटताना स्लो मोशन, मागे संबळ. आमच्या आईने तेवढा एक कामाचा प्रश्न विचारला, "यंत्रात भाजलं तर उडीद करपणार नाहीत ना गं?" आणि दादा म्हणाला, "माझी काही हरकत नाही." आमच्या घराण्यात पुरुषाने हरकत न घेणं हे भागभांडवल समजलं जातं.

प्रत्यक्ष भांडवलाचा विषय निघाल्यावर मात्र सगळ्यांना एकदम सरकार आठवलं. "अगं, सरकारच्या किती योजना आहेत!" हे वाक्य ज्याला खिशात हात घालायचा नाही त्याच्यासाठीच बनवलेलं आहे.

पण खोटं कशाला बोला, योजना आहेत, आणि भरपूर आहेत. जिल्हा उद्योग केंद्रं 1978पासून आहेत. महिला आर्थिक विकास महामंडळ त्याहून जुनं, 1975चं. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र 1988मध्ये निघालं. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम 2008चा, मुद्रा 2015ची, मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम 2019चा. शिवाय अण्णासाहेब पाटील महामंडळाचा व्याज परतावा आणि बाकीची महामंडळं. या सगळ्यांची माहिती देणारा माणूस गावात एकच असतो आणि तो झेरॉक्सच्या दुकानात असतो. अर्ज कुठे मिळतो, साहेब कोणत्या वारी असतात, फोटोची पाठ पांढरी हवी की निळी, हे सगळं त्याला पाठ. राज्याच्या औद्योगिक धोरणाची अंमलबजावणी कोण करतं, असा प्रश्न स्पर्धा परीक्षेत आला तर मी तरी त्याचंच नाव लिहीन.

त्यानेच आम्हाला आधी 'उद्यम' नोंदणी करायला सांगितलं. जुलै 2020पासून सुरू झालेली ही नोंदणी फुकट आहे. आधार क्रमांक घाला, माहिती भरा, प्रमाणपत्र हातात. इतकं सोपं आहे म्हणून कुणाचा विश्वास बसत नाही, आणि हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या खासगी ठिकाणी लोक त्याच कामाचे पैसे भरून समाधानाने बाहेर पडतात. खाद्यपदार्थांची प्राथमिक नोंदणीही अशीच माफक. तेव्हा उलाढाल वर्षाला 12 लाखांच्या आत असेल तर फी वर्षाला 100 रुपये होती. वहिनींना ती रक्कम ऐकून काळजीच वाटली. "शंभर रुपयांत सरकार काय तपासणार, भाऊजी?" त्यांच्या मते स्वस्त तपासणीत काहीतरी राहून जातं.

गंमत सुरू झाली ती पुढे. रोजगार निर्मिती कार्यक्रमाची अट अशी की धंदा नवा हवा. आधीपासून चालू असलेल्या उद्योगाला त्यात अनुदान नाही. ते जिल्हा उद्योग केंद्रातल्या साहेबांनी नीट समजावून सांगितलं. माणूस सज्जन होता, चहासुद्धा मागवला. मग विचारलं, "धंदा नवीनच आहे ना, ताई?"

वहिनी खोटं बोलत नाहीत. म्हणाल्या, "चौदा वर्षं झाली."

साहेबांच्या हातातला कप थबकला. "कागदावर काय आहे?"

"कागदावर काहीच नाही."

"मग नवीन!" साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला आणि चहा संपवला.

तोच अर्ज बँकेत गेला. बँकेचं नाव सांगत नाही, कारण कुठल्याही बँकेचं घातलं तरी चालेल. शाखा व्यवस्थापकांनी विचारलं, "या व्यवसायाचा अनुभव?"

"चौदा वर्षं," वहिनी या खेपेला जरा अभिमानाने म्हणाल्या.

"कागदावर?"

"कागदावर काहीच नाही."

"मग अनुभव नाही." आणि त्यांनी मागे झुकून मागितलं, "गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद आणि आयकर विवरणपत्रं आणा."

नव्या धंद्याचे मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद! हे ऐकून मी दचकलो, पण रांगेतलं दुसरं कुणीच दचकलं नाही. सरकारला सिद्ध करून हवं होतं की धंदा जन्मलेला नाही. बँकेला सिद्ध करून हवं होतं की तो तीन वर्षांचा आहे, अंगाने बरा आहे आणि कमावतो आहे. दोघांचं एकाच फायलीत समाधान करायचं, यालाच उद्योजकता म्हणत असावेत.

मुद्रा योजनेबद्दल विचारून पाहिलं. तिथे 50 हजारांपर्यंत शिशू, 5 लाखांपर्यंत किशोर, 10 लाखांपर्यंत तरुण. वरची मर्यादा 2024च्या अर्थसंकल्पात 20 लाखांवर नेली, तीही आधीचं कर्ज नीट फेडलेल्या तरुणांसाठी. वहिनींची पंचावन्नावी जवळ आलेली आणि रक्कम सव्वातीन लाख, म्हणजे त्या किशोर. त्यांना हे फार आवडलं, आठवडाभर आरशात बघत होत्या. या कर्जाला तारण लागत नाही असं योजनेतच लिहिलेलं आहे, आणि साहेबांनीही ते स्पष्टच सांगितलं. "तारणाचा प्रश्नच नाही. फक्त एखादी ठेव आहे का बँकेत? दोन जामीनदार? घर कुणाच्या नावावर आहे? सहज विचारतोय."

मग निघाला सिबिल स्कोअर. तो 300 ते 900च्या मध्ये असतो हे मला माहीत होतं. वहिनींचा निघाला उणे एक. दादाचाही उणे एक. कधी कर्जच घेतलं नसेल, क्रेडिट कार्ड नसेल, तर नोंदच नसते आणि अहवालात असा आकडा दिसतो. ऋण काढून सण करू नये, ही एकच शिकवण दादाने जन्मभर पाळली. फ्रिज घेतला तो रोख, मुलीचं लग्न केलं ते साठवून. आणि साठाव्या वर्षी संगणकाने त्याला शून्याच्याही खाली बसवलं. त्या रात्री तो नीट जेवला नाही. आमच्या गल्लीत दोन मोटारसायकली, एक टीव्ही आणि तीन मोबाइल हप्त्यांवर घेऊन एक हप्ता इकडून तिकडे करणारा एक गृहस्थ आहे. त्याचा स्कोअर 760 निघाला. दादा त्याच्याशी आता आदराने बोलतो.

या सगळ्यात प्रोजेक्ट रिपोर्टला स्वतंत्र परिच्छेद द्यायलाच हवा. मराठीतली कल्पनारम्य साहित्यकृती म्हणून त्याचा कधीतरी गौरव झाला पाहिजे. तो लिहिणाऱ्याने आपल्या धंद्याचं तोंड पाहिलेलं नसतं, वाचणारा शेवटचं पान आधी उघडतो, आणि नायक प्रत्येक वेळी पाचव्या वर्षी यशस्वी होतो. भाजणी असो, पेव्हर ब्लॉक असो की शेळीपालन, पहिल्या वर्षी क्षमतेचा वापर 60 टक्के, दुसऱ्या वर्षी 70, तिसऱ्या वर्षी 80. शेळ्यांनासुद्धा हे वेळापत्रक पाळावं लागतं. नफा किती हवा हे हप्त्यावरून मागे मोजत जायचं. हप्ता भरून थोडं उरलं पाहिजे, पण इतकंही नाही की साहेबांना स्वतःची नोकरी नकोशी वाटावी.

आमचा रिपोर्ट बनवणाऱ्या तरुणाने वहिनींना कच्च्या मालाचं प्रमाण विचारलं. वहिनी म्हणाल्या, "धने मूठभर, जिरं त्याहून कमी, आणि मेथीचे दाणे नुसते दाखवायचे." त्याने बराच वेळ कळफलकाकडे बघितलं आणि 'इतर, 4 टक्के' असं लिहिलं. चार दिवसांनी सुरेख बांधणीचा रिपोर्ट आला. पान क्रमांक नऊवर, बाजारपेठेचा अभ्यास या मथळ्याखाली वाक्य होतं : 'सदर उत्पादन चवीला रुचकर असून त्याच्या नियमित सेवनाने जनावरांच्या दुधात लक्षणीय वाढ होते.' आमच्या आधीचं गिऱ्हाईक पशुखाद्याचं होतं. मी दुरुस्ती करायला निघालो तर वहिनींनी थांबवलं. "राहू द्या भाऊजी. पान नऊपर्यंत कुणी येतंय का बघू." कुणी आलं नाही. तो रिपोर्ट तीन टेबलांवरून, तीन शिक्के घेऊन, दुधाच्या वाढीसकट परत आला.

जागेचं प्रकरण आणखी वेगळं. महिलांना रोजगार निर्मिती कार्यक्रमात शहरी भागात प्रकल्पाच्या 25 टक्के अनुदान मिळतं आणि ग्रामीण भागात 35. आमचं घर नगरपालिकेत. मागून ओढा वाहतो आणि ओढ्यापलीकडे ग्रामपंचायत सुरू होते. म्हणजे स्वयंपाकघरात भाजणी केली तर पंचवीस, आणि तीच परात घेऊन दगडावरून दगडावर पाय टाकत पलीकडे गेलं तर पस्तीस. हे कळल्यावर ज्यांनी आजवर एक पैसा दिला नव्हता ते सगळे नातेवाईक जागा शोधायला लागले. पलीकडे मामांचा गोठा होता. तो द्यायला मामा तयार होते, म्हैस नव्हती. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की कारखाना आणि कारखानदार चार-चार दिवस वेगवेगळ्या काठांवर राहतील, हा मुद्दा मांडला तेव्हा काका म्हणाले, "दहा टक्क्यांसाठी माणसं पोहायलासुद्धा शिकतात."

अनुदान म्हणजे हातात पैसे, असा एक गोड समज असतो. तो बँकेच्या खिडकीवर उतरला. सरकार पैसे देतं हे खरं, पण ते बँकेत आपल्या नावाने ठेव होऊन तीन वर्षं बसून राहतात. हप्ते चुकले नाहीत तर मग कर्जखात्यात वळते होतात. तोवर ते फक्त आहेत, हे माहीत असण्याचा आनंद घ्यायचा.

एका संस्थेचं प्रशिक्षणही झालं. मोफत, जेवणासकट. वक्त्यांपैकी एकाने मोठी स्वप्नं बघायला सांगितली, दुसऱ्याने ती वहीत लिहायला सांगितली. तिसरी एक चुणचुणीत मुलगी हिशेब शिकवायला आली आणि तिने मात्र वहिनींना पहिल्यांदा स्वतःच्या वेळेची मजुरी धरायला लावली. त्या रात्री वहिनींनी चौदा वर्षांचा हिशेब मनातल्या मनात केला असावा, कारण सकाळी भाजणी किलोमागे साठ रुपयांनी महागली होती. गिऱ्हाइकांनी कुरकुर केली आणि नेहमीपेक्षा जास्त नेली.

अशा प्रशिक्षणांत लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव निघाल्याशिवाय मध्यंतर होत नाही. 1888मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान, मग लोखंडी नांगर, मग 1910मध्ये किर्लोस्करवाडी. सांगताना गाळतात ते असं की, लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी तो नांगर घेईनात, आणि पहिला खपायला दोन वर्षं गेली. बेळगावची जागाही नगरपालिकेने सोडायला लावली. म्हणजे नगरपालिका आणि उद्योग यांचे संबंध तेव्हापासूनचे. मग औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातला कुंडलजवळचा माळ दिला. निवडुंग होता, साप होते, पण राजांनी बिगरशेती परवाना मागितला नाही, आणि शहरी की ग्रामीण असा प्रश्न साप विचारत नाहीत. गिरगावातल्या सात बायकांनी 1959मध्ये 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, त्याचा पुढे 'लिज्जत' झाला. ते 80 रुपये देणारे छगनलाल करमशी पारेख होते. त्यांनी तीन वर्षांचे ताळेबंद मागितल्याचं कुठे वाचनात नाही.

आमची वाट सुटली ती कृषी खात्यामुळे, हे मात्र कबूल केलं पाहिजे. केंद्राची सूक्ष्म खाद्यप्रक्रिया उद्योगांची एक योजना 2020पासून आहे, महाराष्ट्रात ती कृषी खातं बघतं. त्यात 35 टक्के अनुदान आहे, जास्तीत जास्त 10 लाख, ओढ्याच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय. शिवाय चालू धंदाही चालतो! चौदा वर्षं म्हटलं तरी समोरचा कप खाली ठेवत नाही. पण त्यातली खरी युक्ती वेगळीच आहे. योजनेने प्रत्येक जिल्ह्यात अर्जदाराला मदत करायला 'जिल्हा संसाधन व्यक्ती' नेमल्या आहेत, आणि त्यांना पगार नाही. कर्ज मंजूर झालं तर मानधन. इतक्या दिवसांत आम्हाला भेटलेला हा पहिला माणूस, ज्याची चूल आमची फाइल पुढे सरकण्यावर पेटणार होती. तो रात्री साडेनऊला फोन करायचा, "वहिनी, लाइटबिलाची प्रत अंधुक आली आहे, परत पाठवा." आम्हाला आधी वाटलं काहीतरी फसवणूक आहे. सरकारी कामासाठी कुणी आपण होऊन फोन करतं का?

दरम्यान श्रावण तोंडावर आला आणि वाट बघायला गिऱ्हाईक तयार नव्हतं. वहिनींच्या भिशीत बारा बायका. त्या महिन्याची चिठ्ठी निघाली समोरच्या जोशीकाकूंची. काकूंना वॉशिंग मशीन घ्यायचं होतं. त्या म्हणाल्या, "तू घे हे पैसे. माझं आणखी सहा महिने हाताने धुतलं तर काही बिघडत नाही, ह्यांचेच कपडे आहेत." भिशीत ना जामीन लागला, ना रिपोर्ट. तपासणी मात्र कडक झाली. पैसे देण्याआधी सगळ्याजणी थालीपीठ खाऊन गेल्या. त्या पैशांतून वहिनींनी कोल्हापूरहून जुना पल्व्हरायझर आणला आणि मागच्या पडवीत बसवला. गिरणीवाल्याशी संबंध सुधारले, कारण आता तोच कधी मिरची चालू असली की लोकांचं गव्हाचं दळण इकडे पाठवायला लागला.

आणि मग बँकेची माणसं स्थळपाहणीला आली. पडवीत यंत्र चालू, पाकिटांचा ढीग, भिंतीवर मागणीची वही लटकलेली, दोन मुली वजन करून पाकिटं चिकटवतायत. व्यवस्थापकांनी वही चाळली, यंत्राभोवती एक चक्कर मारली आणि चेहरा उजळला. "आता कसं धंद्यासारखं दिसतंय! आधीच दाखवायचं ना." आठ दिवसांत मंजुरीपत्र आलं. मंजुरीच्या आधी घेतलेलं यंत्र हिशेबात धरता येत नाही, तेव्हा पल्व्हरायझर गाळून रोस्टर आणि पॅकिंग मशीनचं कर्ज. पैसे थेट विक्रेत्याच्या खात्यात गेले, वहिनींना फक्त हप्त्याचा संदेश आला. जोशीकाकूंचं वॉशिंग मशीन पुढच्या दसऱ्याच्या आतच आलं. सिबिलने वहिनींना शून्याच्या वर घेतलं. दादा अजून खालीच आहे.

यंदा तालुक्याच्या उद्योजक मेळाव्यात वहिनींना यशोगाथा सांगायला बोलावलं. आयोजकांनी विषय कळवला, 'शासकीय योजनांनी बदललेलं माझं जीवन', वेळ दहा मिनिटं, आणि मानधनासाठी पॅनकार्ड, रद्द केलेला चेक आणि पासपोर्ट आकाराचे दोन फोटो. वहिनी चार मिनिटं बोलल्या. त्यातली दीड मिनिटं जोशीकाकूंवर होती आणि एक त्या रात्री साडेनऊला फोन करणाऱ्या माणसावर. व्यासपीठावरच्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या, कारण आपलं नाव आता येईल असं त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं. उरलेल्या सहा मिनिटांत वहिनींनी टेबलाखालची पिशवी वर घेतली आणि अर्ध्या किलोची पाकिटं मांडली. पहिलं पाकीट शाखा व्यवस्थापकांनी उचललं आणि खिसा चाचपत म्हणाले, "उद्या देतो."

"काही हरकत नाही, साहेब," वहिनी म्हणाल्या, "नाव लिहून ठेवते." आणि त्यांनी वही उघडली. वहीत पान आधीच आखलेलं होतं : नाव, रक्कम, जामीनदार.